वर काय आहे?

गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या आमच्या तुयेत दिशा विचारायची पाळी येत नाही. सूर्य मांद्रे-मोरजीच्या अंगाला कलला की ती पश्चिम, विषय संपला. म्हणूनच मुंबईत गिरगावच्या भुयारी मेट्रो स्टेशनात उतरलो आणि पहिल्याच वळणावर हरवलो. पाट्या होत्या, बाण होते. पण बाण म्हणजे दुसऱ्याने ठरवलेली दिशा. खाली सूर्य खंय आणि दर्या खंय!

आते सोबत होती म्हणून निभावलं. लग्न होऊन ती तुयेहून गिरगावातल्या चाळीत आली, त्याला साठेक वर्षं होतील. ती बाणांकडे बघतच नव्हती. छताकडे बोट करून म्हणाली, "भियेनाका रे. वर ठाकुरद्वार आहे."

कुलाबा ते आरे ही 33.5 किलोमीटरची मार्गिका. 27 स्थानकं, त्यांतली 26 जमिनीखाली. खोदायला 17 यंत्रं लावली होती आणि त्यांना नावं नद्यांची: गोदावरी, कृष्णा, तापी, वैतरणा. नद्यांना एवढं खाली जायला लावणारं शहर मुंबईच. पण गिरगाव आणि काळबादेवीत रस्ता एवढा चिंचोळा आणि चाळी इतक्या अंगाला अंग लावून, की वरून अख्खं स्टेशन उकरायची सोय नव्हती. तेव्हा आतूनच थोडं फोडायचं, लगेच काँक्रीटचा फवारा मारून ते धरायचं, मग पुढचं थोडं. फणसाची साल शाबूत ठेवून आतले गरे काढावेत, तसं. तरी थोडी साल गेलीच. "इथे वर आमच्या भिशीतल्या बायकांची चाळ होती," आते म्हणाली.

वरचा रस्ता जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेटांच्या नावाचा. 1853 साली बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तिच्यामागे खटपट करणाऱ्यांत नानाही होते. दोन स्थानकं पुढे, मुंबई सेंट्रलपाशी, त्यांच्या नावाचं स्टेशनही झालं. आमची गाडी मात्र उलट दिशेची निघाली. दरवाजे मिटले आणि आतेचं सुरू झालं, "आता चिरा बाजार."

मला हसू आलं. नाव चिरा बाजार, आणि तळाला बसला आहे मुंबईचा काळा फत्तर. खरा चिरा, म्हणजे जांभा दगड, आमचा, पेडण्याचा. घराच्या भिंतीला तो उत्तम, पण त्याच्या खाली काय असतं ते विहीर खणणाऱ्याला विचारावं. चिकण माती, पाणी लागलं की ती माती राहत नाही, पेज होते. कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. तरी कातळातला तो लांबलचक बोगदा झाला आणि आमच्या मातीने इंजिनिअरांना रडवलं. खणावं तेवढं ढासळायचं. 26 जानेवारी 1998 ला सबंध मार्ग खुला झाला, त्याआधीची शेवटची मोठी अडचण म्हणजे आमचं पेडणं. आम्ही कुठल्याही कामाला उशिराच पोचतो, पण अख्ख्या रेल्वेला थांबवल्याचा मान एवढा एकच.

बरं, माती अजून विसरलेली नाही. ऑगस्ट 2020 मध्ये बोगद्याची भिंत पडली, जुलै 2024 मध्ये आत पाणी उफाळलं आणि गाड्या अडकल्या. मी हे जरा ओशाळून सांगितलं, तर आते म्हणाली, "इथे काय वेगळं?" खरंच होतं. 26 मे 2025 च्या पावसात वरळीचं आचार्य अत्रे चौक स्टेशन, सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, पाण्याने भरलं. कातळ असो की चिकण माती, पावसाला जिना सापडतो.

काळबादेवी, सीएसएमटी... आतेची वरची यादी चालूच होती. कुठल्याशा इराण्याचं हॉटेल, मग मामंजींचं ऑफिस. यांतलं काय अजून जागेवर आहे, ते मी विचारलं नाही.

गोव्याच्या परतीच्या गाडीत मडुरे स्टेशन गेलं आणि आमचा बोगदा आला. डब्यातल्या दिव्यांच्या उजेडात लोक बॅगा उतरवू लागले. मोबाइलची रेंज गेली, खिडकीतून ओल्या मातीचा वास आला. शेजारच्या मुलाने आईला विचारलं, "आता कुठे आलो?" तिला सांगता येईना. मी छताकडे बोट केलं.

"वर मालपें," मी म्हटलं.