राजाला मारलं हो, भर दरबारात!

अहो वहिनी, ऐकलंत का? या जरा अशा कुंपणापाशी. आमच्या ह्यांचा डोळा लागलाय, मोठ्याने बोलायची सोय नाही. त्या गॅरियटांच्या रिचर्डचं, कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्याचं म्हणतेय मी... नाही हो, तो अवकाशात जाऊन आला ते नव्हे, ते गावाला ठाऊक आहे. त्याच्या चाहत्यांनी त्याला भर दरबारात मारला, ते! तसं जुनंच आहे, १९९७ मधलं, ऑगस्टची नऊ तारीख. पण काल जेवताना आमच्या चिन्मयने पुन्हा विषय काढला आणि माझ्या घशाखाली भात उतरेना, हसू आवरेना म्हणून.

अशा दचकू नका. मेला तो गेममध्ये. माणूस चांगला धडधाकट आहे.

तर आधी गेममधल्या त्याच्या राजेपणाच्या नावाचं सांगते. वडील ओवेन, नासातले. १९७३ ला स्कायलॅबवर जवळजवळ साठ दिवस राहून आले. आपल्याकडे शेजारी बँकेत असतात ना, तसे ह्यूस्टनजवळ यांचे शेजारी अवकाशवीर. आणि हा रिचर्ड जन्मला कुठे, तर इंग्लंडात, केंब्रिजला. तारीख कुठली? चार जुलै! अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, आणि पोरगं इंग्रजांच्या देशात. पुढे शाळकरी वयात ओक्लाहोमाला कॉम्प्युटरच्या शिबिराला गेला. तिथली पोरं एकमेकांना ‘हाय’ म्हणायची, याने म्हटलं ‘हॅलो’. झालं! लगेच ‘ब्रिटिश’ म्हणून चिडवायला सुरुवात. दुसरा असता तर तोंड पाडून बसला असता. याने काय केलं, पुढे ‘लॉर्ड’ लावलं आणि स्वतःच्या गेममध्ये राजा होऊन बसला. लॉर्ड ब्रिटिश! चिडवणाऱ्यांची तोंडं कशी झाली असतील, तुम्हीच कल्पना करा.

पहिला गेम, अकलाबेथ, कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरी करता करता केला. आईने चित्र काढून दिलं कव्हरचं, त्या कलाकारच. आणि फ्लॉपी कशात भरल्या माहितेय? आपण मटार सोलून फ्रीजरात टाकतो ना, त्या झिपच्या पिशव्यांत! दुकानातच खुंटीला टांगल्या. जेमतेम डझनभर खपल्या असतील, पण त्यातली एक कॅलिफोर्नियातल्या एका प्रकाशकाच्या हाती लागली आणि पोराचे पैसे बापाच्या पगाराच्या वर गेले म्हणे. मग १९८१ ला अल्टिमा, १९८३ ला वडील आणि भाऊ रॉबर्ट यांना धरून ओरिजिन ही स्वतःची कंपनी.

पण मी काय सांगत होते? हां, चाहते.

सुरुवातीला चाहते भेटायचे ते पत्रांतून. तिसरा अल्टिमा आल्यावर पत्रांचा ढीग पडायला लागला, आणि हा बसला वाचत. लोकांनी मोकळेपणाने लिहिलेलं, की आम्ही दुकानदारांना लुटलं, गावकऱ्यांना मारलं, मग दुष्टाला मारलं, फार मजा आली. इकडे याचा चेहरा उतरला. अरे, मी यांना नायक करायला निघालो आणि हे तर दरोडेखोर निघाले! मग १९८५ ला चौथा अल्टिमा काढला, त्यात मारायला कोणी खलनायकच नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग... पुढची चिन्मयला विचारा. आंधळ्या दुकानदारणीला पैसे कमी मोजून दिले, की गेम मुकाट्याने नोंद ठेवणार. माझ्या मते ही त्या पत्रलेखकांचीच करणी. त्यांनी पापाची कबुली लिहून पाठवली नसती, तर याला पुण्याचं सुचलंच नसतं.

आणि तरी सुधारले का? छे हो! राजाला मारायचा नाद काही सुटेना. तो बहुतेक अल्टिमांत सिंहासनावर बसलेला, मदत करायला, जखमा बऱ्या करायला. सहजी मरणार नाही अशी व्यवस्था. आणि या भक्तांचा एकच ध्यास, की हा मरेल कसा! तिसऱ्या अल्टिमात त्याला समुद्राकाठी आणून जहाजाच्या तोफेने उडवायची युक्ती शोधली. नुसती एकमेकांना सांगत नव्हते हो, लेखकाला कळवत होते. म्हणजे देवळात जायचं आणि पुजाऱ्याला सांगायचं, तुमची मूर्ती कुठून फुटते ते सापडलं बरं का.

पण तोही तसलाच. सातव्या अल्टिमात तर मरायची सोय आतच करून ठेवलेली. दाराखालून जाताना वरची पाटी डोक्यात पडते आणि राजा गार! कारण काय, तर ऑफिसात दाराच्या वरची पट्टी निसटून खऱ्या रिचर्डच्या डोक्यात पडली होती एकदा. टाळकं शेकलं त्याचं आणि पोरांनी ते गेममध्ये घातलं. आमच्या ह्यांच्या ऑफिसात साहेबाच्या डोक्यात पाटी पडली असती तर चौकशी समिती बसली असती.

तर आता नऊ ऑगस्ट.

अल्टिमा ऑनलाइन येऊ घातलेला. आधीचे सगळे एकट्याने खेळायचे, यात हजारो माणसं एकाच राज्यात, एकाच वेळी. अजून चाचणीच चालू होती. त्या चाचणीची सीडी हवी असेल तर पाच डॉलर पाठवा म्हटलं, तर पन्नासेक हजार लोकांनी पाठवले! चुका शोधून देण्यासाठी स्वतःच्या खिशातले पैसे! कंपनीला तेवढ्या प्रती अख्ख्या जन्मात खपतील असं वाटलं नव्हतं म्हणे.

चाचणी संपत आली तसं ठरलं, की राजाने राज्याचा दौरा काढावा. लॉर्ड ब्रिटिश म्हणजे आपला रिचर्ड, आणि बरोबर लॉर्ड ब्लॅकथॉर्न, म्हणजे त्याचा कामातला जोडीदार स्टार लाँग. लोक दाटीवाटीने जमलेले. समजून घ्या वहिनी, ज्याचे गेम खेळत मिसरूड फुटलं, तो माणूस समोर उभा आणि आपल्याशी बोलतोय. गणपतीच्या मंडपात असते तशी रेटारेटी. आणि त्या रेट्याने सर्व्हर बसला! सगळे बाहेर फेकले गेले, राजासकट.

आता नीट ऐका, गंमत इथेच आहे. राजाला मरण नाही ते काही वरून मिळालेलं नसतं. एक खूण असते, ती चालू करावी लागते. आपण गॅस बंद केला का बघतो ना, तसं प्रत्येक वेळी आत शिरलं की बघायचं. सर्व्हर पुन्हा चालू झाला, गडबडीत राजेसाहेब आत आले, मुकुट ठाकठीक, झगा ठाकठीक... आणि अमरपण चालू करायचं विसरले!

पुढे ब्लॅकथॉर्नच्या किल्ल्यात सभा. वर हे दोघं, खाली प्रजा. त्या प्रजेत एक रेन्झ नावाचा, म्हणजे गेममधलं नाव हो ते. धंद्याने चोर. त्याने शेजारच्याच्या झोळीत हात घातला आणि त्याच्या हाताला लागला आगीच्या मंत्राचा कागद. बाजूला आपला राजा भाषण करतोय. या पोराने काही फार मोठा कट वगैरे केला नव्हता. म्हटलं, बघू या तरी! आणि टाकली आग थेट राजाच्या पायाशी.

राजा हसला. खरंच. बरा प्रयत्न आहे बाळा, अशा थाटात. हलायची गरजच काय, मला थोडंच काही होणार आहे! ते पोरगं बिचारं वाट बघत उभं, की आता आपल्यावर वीज पडते. आणि वीज राहिली बाजूला, ‘अं’ करून आवाज आला आणि राजा आडवा.

शांतता! हजारदा सिंहासनावर बघितलेला राजा जमिनीवर पडलेला. कोणाला कळेना, हे नाटकाचा भाग आहे की खरंच मेला. ओरिजिनच्या ऑस्टिनमधल्या ऑफिसातली माणसं स्क्रीनकडे बघत कशी बसली असतील, मला तर डोळ्यांपुढे दिसतं. आपल्याकडे लग्नात मंगलाष्टकं संपतात आणि नवरामुलगा जागेवर नसतो, तेव्हा वरमाय जशी बघते ना, तशी!

आणि मग राग निघाला तो चुकीच्या माणसांवर. ब्लॅकथॉर्न असो नाही तर त्यांच्यातला दुसरा कोणी, त्यांनी चार राक्षस सोडले सभेत. ज्याने मारलं तो राहिला बाजूला, भाषण ऐकायला आलेली साधी माणसं पटापट मरायला लागली. ती बिचारी ओरडतायत, आम्ही काय केलं हो! राजाच्या दर्शनाला म्हणून आली आणि राक्षसाच्या तोंडी गेली. पुढे रेन्झला चाचणीतून काढून टाकलं. राजाला मारल्याबद्दल नव्हे म्हणे, आधी गेममधल्या चुकांचा गैरफायदा घेतला होता म्हणून. असेल बाई. पण लोकांना काय वाटायचं ते वाटलंच. चिन्मय तर अजून रेन्झच्याच बाजूने भांडतो. म्हणतो, चाचणीत चूक शोधायलाच बोलावलं होतं ना, सगळ्यांत मोठी चूक त्यानेच शोधली!

एवढ्यावर थांबले तर चाहते कसले. सप्टेंबरात गेम बाजारात आला, तो हळू चालायचा, अडकायचा. लोक चिडले. मग काय केलं? राजाच्या किल्ल्यात घुसले, सगळे कपडे काढले... अहो गेममधले हो! आणि उघडेनागडे होऊन दारू प्यायले, त्याच्याच महालात झिंगून पडले. निषेध! बरं, एवढं करून गेम सोडून गेले का? नाव नको. महिन्याचे पैसे भरून निषेध.

मला विचाराल तर हे आपल्याला नवीन नाही. जनाबाईने विठोबाला कमी शिव्या घातल्या का? ज्याच्यावर जीव, त्यालाच तोंड वाजवून बोलायचं. परक्याला कोण शिव्या घालतं!

सगळेच असे आडदांड नसतात म्हणा. तो गॅरी गायगॅक्स, डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या खेळाचा. १९७४ ला पहिल्या हजार प्रती काढल्या, त्याच्या आगेमागे चपला-बूट दुरुस्त करून घर चालवत होता. म्हातारपणी विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला घराच्या पडवीत बसायचा आणि वाटेने जाणारा कोणी अनोळखी चाहता थांबला तर गप्पा मारायचा. ना मुकुट, ना सभा. २००८ च्या मार्चमध्ये गेला. अंत्यविधीनंतर जमलेली माणसं खेळायला बसली आणि पुढच्या वर्षापासून दर वर्षी तिथेच जमायला लागली, गॅरी कॉन म्हणून. आपल्याकडे वर्षश्राद्धाला पंगत बसते, तिथे फासे घेऊन बसतात.

पण रिचर्डला पडवी कशी पुरणार! ऑस्टिनला घर बांधलं त्याला नाव दिलं ब्रिटानिया मॅनर, आणि त्यात एक वर्षाआड भुताचा वाडा करून लोकांना फुकट घाबरवायचा. गळ्यात लहानपणी स्वतः बनवलेला चांदीचा साप, मागे उंदराच्या शेपटीएवढी वेणी. चाहते जमले की मुकुट घालून येणार. २००८ ला अवकाशात गेला तेव्हा स्वतःच्या पैशाने गेला, आणि वर जाताना आपल्या गेमच्या खेळाडूंची माहिती एका मेमरीत भरून घेऊन गेला. अमरत्व म्हणून! ज्याला स्वतःचं अमरपण चालू करायची आठवण राहिली नाही, तो दुसऱ्यांचं घेऊन निघाला. खाली आला तर नोकरी गेलेली, तेव्हा ज्या दुसऱ्या कंपनीत होता, तिने म्हणे हाच राजीनामा देऊन गेला असं जाहीर केलेलं. हा गेला कोर्टात आणि ऑस्टिनच्या ज्यूरीने दोन कोटी ऐंशी लाख डॉलर द्यायला लावले. त्यावर एक दिवस वेगळं बसू, आज भाजी राहील.

आणि शेवटचं सांगते, पण कोणाला म्हणू नका... म्हणजे म्हणा, पेपरात आलंच होतं. २०१३ ला नव्या गेमसाठी लोकांपुढे हात पसरला, तर बावीस हजारांवर माणसांनी मिळून एकोणीस लाख डॉलर दिले. ज्यांनी मारला, जाळला, महालात नागडे नाचले, त्यांनीच! आणि २०१७ ला याने काय विकायला काढलं? स्वतःचं रक्त! कुप्यांत भरून, सजवून, ईबेवर! ईबेने काढायला लावलं, तो भाग वेगळा. माझा तर श्वासच अडकला. चिन्मयची आई म्हणाली, शी! चिन्मय म्हणाला, किंमत किती होती?

राजाला मारल्याचं वाईट वाटलं का त्याला? छे! आज तीसेक वर्षं होत आली, तोच सगळ्यांना रंगवून सांगतो. पण माझं मत पक्कं आहे वहिनी. दोष त्या रेन्झचा नाही, राक्षस सोडणाऱ्यांचा आहे. राजा मेला तर मेला, पुन्हा उठवता येत होता. पाहुण्यांना कशाला मारायचं?

बरं, तो तुमच्या बाजूचा कढीपत्ता तेवढा वाका आणि द्या.