बारा ठिकाणं आणि एक झोपलेलं पोर

दुपारी चारची वेळ. गेटवे ऑफ इंडियासमोर एक बाप उभा आहे, खांद्यावर तीन-चार वर्षांचं पोर गाढ झोपलंय. बाप त्याच्या गालावर चापट्या मारतोय, "ऊठ, बघ, गेटवे आला!" पोर डोळे उघडतं, रडतं, पुन्हा मान टाकतं. आई मोबाइल सरसावून फोटोसाठी हसायला सांगतेय. बसचा माणूस शिट्टी वाजवतोय, कारण पंधरा मिनिटं संपली.

ही बस मी आतून पाहिली आहे. एका दिवसात बारा ठिकाणं. आमची धाकटी तेव्हा चार वर्षांची, थोरला सात. सहाव्या ठिकाणी धाकटीला ओकारी झाली, आठव्या ठिकाणी थोरल्यानं खाली उतरायला नकार दिला. त्या दिवशी आम्ही मुलांना मुंबई दाखवली नाही, बसचा पत्रा दाखवला. पुन्हा तसं करणार नाही आणि तुम्हीही करू नका.

चार वर्षांचं मूल जेमतेम मीटरभर उंच असतं. गेटवे सव्वीस मीटर. गर्दीत त्या मुलाला कमान दिसत नाही, माणसांच्या पोटऱ्या आणि पर्स दिसतात. त्याच्या उंचीवर कबुतरं आहेत, फुगेवाला आहे, धक्क्याला बांधलेल्या लाँचचा जाडजूड दोर आहे. त्याला ते बघायचं असतं आणि आपण त्याचा हात ओढतो. का? पाचव्या जॉर्जच्या आगमनाची आठवण म्हणून बांधायला घेतलेली ती कमान १९२४ साली पुरी झाली, हे त्याला आजच कळायला हवं म्हणून? ते दहावीत कळेल. दोर आत्ता बघू द्या.

दोन दिवसांच्या मुंबईसाठी यादी लागत नाही, एक धागा लागतो. आम्ही दुसऱ्या खेपेला एक हत्ती धरला.

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो. स्टेशनाबाहेर पडल्यावर पहिलं प्राणिसंग्रहालय तिथंच आहे, तेही फुकट. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं ही इमारत उभी केली, पण दगडातलं बरंचसं कोरीव काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. मुलांना एवढंच सांगितलं की आणखी प्राणी शोधा. अर्धा तास ती दोघं मान वर करून उभी होती. युनेस्कोनं २००४ साली या इमारतीला जागतिक वारसा म्हटलं. आमच्या धाकटीनं त्या सकाळी तिला वाघाचं घर म्हटलं, आणि दोन्ही खरं आहे.

मग लोकल. इथं मोठी माणसं घाबरतात, कारण त्यांनी टीव्हीवर लटकणारी माणसं पाहिलेली असतात. पण मुंबईची गर्दी एका दिशेनं वाहते: सकाळी दक्षिणेकडे, संध्याकाळी उत्तरेकडे. सकाळी नऊ वाजता सीएसएमटीला येणारी गाडी माणसं ओतते आणि तीच गाडी परत निघते तेव्हा बाकं रिकामी असतात. स्लो लोकल धरायची. तिसरं स्टेशन भायखळा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. खिडकी मिळते, वारा मिळतो, रुळांच्या सांध्यावरचा खडखडाट मिळतो. संध्याकाळी परत सीएसएमटीकडे येतानाही आपण गर्दीच्या उलटच असतो. म्हणून मुक्काम दक्षिणेत करा. पाहुण्यांकडे उतरायची आपली रीत मला प्रिय आहे, पण डोंबिवलीला उतरलात तर सकाळी आठची लोकल तुमच्या पोरांच्या अंगावर येईल. पाहुण्यांना शेवटच्या रात्री निवांत भेटा.

चढण्याआधी मुलांना एकच गोष्ट बजावून सांगा: आम्ही गाडीत गेलो आणि तू फलाटावर राहिलास, तर तिथून हलायचं नाही, आम्ही परत येतो. खिशात आपल्या नंबरची चिठ्ठी ठेवा. लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे, तो स्वतःच्या मोबाइलमध्येही घालून ठेवा.

भायखळ्याची राणीची बाग, आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ पासून तिथं आहे. पेंग्विन २०१६ मध्ये आले. लोक पेंग्विनसाठी रांग लावतात आणि दहा मिनिटांत काचेपासून हटतात. मुलं खरी रमतात ती जुन्या झाडांखाली. तिथं सतरंजी टाका, घरच्या दशम्या सोडा, आणि एक तास कुठंही जाऊ नका. त्यानंतर शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती बघा. आमचा धागा तोच होता. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला घेतला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढं ते तुकडे भायखळ्यात आणून पुन्हा जोडले. थोरल्यानं सांधे शोधायला सुरुवात केली आणि विचारलं, "हा आला ते घर कुठंय?"

तर दुसरा दिवस त्या घराचा. गेटवेहून लाँचनं तासभर. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर झालेल्या अपघातात माणसं गेली. म्हणून लाँचमध्ये पाय ठेवण्याआधी मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट मागा. नसेल तर ती लाँच सोडा. यात संकोच नको आणि "एवढ्याशा अंतराला कशाला" म्हणणाऱ्या शेजाऱ्याचं ऐकणंही नको. बेटावर शंभरावर पायऱ्या आहेत, कडेवर घ्यावं लागणार हे धरून चाला. खाऊची पिशवी बंद ठेवा, माकडं हिसकावतात. लेण्यातल्या त्रिमूर्तीसमोर मुलं दोन मिनिटं गप्प राहिली, त्यानंतर माकडांकडे वळली. वळू द्या. दोन मिनिटं पुष्कळ झाली.

परतल्यावर डबल डेकर. १९३७ पासून या शहरात दुमजली बस धावते. जुन्या लाल गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये थांबल्या, आता विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित आहेत. वरच्या मजल्यावर पुढची बाकं मिळेपर्यंत थांबा. एक बस सोडावी लागली तरी सोडा. शेवट गिरगाव चौपाटीवर, वाळूत. दोन दिवस झाले.

आता शहराशी थोडं भांडण. मुंबई पाहुण्यांच्या मुलांशी बरी वागत नाही. मासे दाखवायला तारापोरवाला मत्स्यालय होतं, १९५१ सालचं. आजच्या आजी-आजोबांनी ते लहानपणी पाहिलं. ते बंद पडलं आणि इमारतही पाडली. समुद्राच्या काठावर वसलेल्या शहरात मुलांचं मत्स्यालय बंद पडतं आणि वर्षानुवर्षं त्याची जागा रिकामी राहते, हे मला पटत नाही. फुटपाथ जिथं आहे तिथं मोटारसायकली उभ्या असतात. बाबागाडी ढकलणाऱ्या आईला रस्त्यावर उतरावं लागतं.

आणि शौचालय. चार वर्षांच्या मुलाला "थांब जरा" म्हणून भागत नाही. कोरो आणि इतर संस्थांनी २०११ पासून राइट टू पी ही मोहीम चालवली, बायकांसाठी स्वच्छ, मोफत मुतारी मागितली. त्या मागणीत मुलांची मागणी आपोआप येते, कारण लहान मूल बहुतेकदा आईबरोबरच आत जातं. बुटकं भांडं आणि लंगोट बदलायला एक फळी, एवढ्याला किती पैसे लागतात? आपल्याकडे तान्ह्याला पाजण्याच्या खोलीला हिरकणी कक्ष म्हणतात. लेकरासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या बाईचं नाव दिलं, चांगलं केलं. पण परतीच्या वाटेवर एका मोठ्या स्थानकात त्या कक्षाला कुलूप पाहिलं आणि शेजारच्या बाकावर पदराआड बाळाला पाजणारी एक मुलगी. किल्ली कुणाकडे हे तिथल्या कुणालाही सांगता आलं नाही. हे नाव दारावर लावलंत तर दार उघडं ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत निघणार असाल तर तारखा ठरवण्याआधी वार बघा: घारापुरी सोमवारी बंद असते आणि राणीची बाग बुधवारी.