‘एकच घे’ म्हणणाऱ्या भावजींना

भावजी,

हे पत्र मी उघड लिहिते आहे, कारण ओट्यावर उभं राहून हळू आवाजात सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. ‘वहिनी, तुम्ही लई मनाला लावून घेता,’ म्हणालात आणि गाडी सुरू केलीत. आता चारचौघांत सांगते. नाव लिहीत नाही. आपल्या माणमध्ये हे वाचून ‘हे मलाच लिहिलंय’ असं वाटणारे बरेच निघतील, आणि त्या प्रत्येकाचं वाटणं खरं असेल.

हळदीची रात्र आठवा. डीजे चालू होता, पंगती उठत होत्या, आणि मांडवामागे टेम्पोच्या आडोशाला तुमची मंडळी बसली होती. यांना तिकडे हाक मारलीत ती तुम्हीच. मी भाकरीची पाटी घेऊन चालले होते, म्हणून मला सगळं दिसलं. तुम्ही ग्लास पुढे केलात. यांनी ग्लासवर पालथा हात ठेवला. म्हणाले, ‘सोडलीय मी.’ तुम्ही म्हणालात, ‘एकच घे, औषध म्हणून.’ हात तसाच होता. मग तुम्ही तो हात मनगटाला धरून उचललात, बाजूला केलात आणि ओतलीत. ‘वहिनींनी दम दिलेला दिसतोय,’ असंही वर म्हणालात. सगळे हसले. हेही हसले, आणि प्याले.

तुम्ही जमिनीच्या व्यवहारातली माणसं. गुंठ्याचा फूट न फूट मोजता, पावती जपून ठेवता. तो हात ग्लासवर यायला काय लागलं होतं, तो हिशेबही मोजून घ्या.

एमआयडीसीने जमिनी घेतल्या, आयटी पार्कचा तिसरा टप्पा आपल्या शिवारात आला, तेव्हा सासऱ्यांच्या भातखाचरांचे पैसे एकदम हातात आले. इंद्रायणी पिकवणाऱ्या घरात खोल्यांचं भाडं येऊ लागलं. सकाळी शेतावर जायचं कारण राहिलं नाही, आणि संध्याकाळ दुपारीच सुरू व्हायला लागली. आपल्याकडे ‘पिऊ’ असं कुणी म्हणत नाही. ‘बसू’ म्हणतात. व्यवहार ठरला की बसू, फिसकटला की बसू, कुणाची नवी गाडी आली की बसू. सहा गुंठ्यांची इसारपावती अशाच एका बैठकीत झाली. दुसऱ्या दिवशी यांना आठवत नव्हतं की सही कुठे केली आणि किती रकमेवर केली. साक्षीदाराची सही तुमची आहे. त्या जागेवर आज चार मजले उभे आहेत आणि भाडं दुसराच घेतो. ते पैसे मी तुमच्याकडे मागत नाही. पावती दाखवते आहे फक्त.

अकरा वर्षं मी दारू सोडवण्याचे उपाय केले. यांना माळ घातली, ती दोन एकादश्या टिकली. ‘न कळता द्या’ असं सांगणाऱ्या माणसाकडून पुडी आणून वरणात कालवली. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की दारू अंगाला सोसू नये म्हणून देतात ते डायसल्फिराम पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. चोरून दिलं आणि वर दारू पडली, तर उलट्या होतात, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. माझ्या पुडीत काय होतं ते मला आजही माहीत नाही. ते आठवलं की माझे हात गार पडतात.

एकदा पाहुण्यांच्या सांगण्यावरून यांना खोलीत कोंडलं. ‘चार दिवस मिळाली नाही की आपोआप सुटेल,’ असं सगळे म्हणत होते. दुसऱ्या दिवशी हात कापायला लागले. तिसऱ्या दिवशी हे भिंतीवरच्या मुंग्या वेचत बसले होते. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. रात्री फिट आली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून समजावलं की वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तोडली की दोन-चार दिवसांत असं होऊ शकतं, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस दगावतोसुद्धा. तोवर मी यांच्या जिद्दीला दोष देत होते. त्या रात्री कळलं की हा आजार आहे.

मग येरवड्याचं मुक्तांगण. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी पैसे दिले. आमच्या जन्माच्या आसपास कुणीतरी आमच्यासाठी दार करून ठेवलं होतं, आणि आम्ही तिथे पोहोचलो अकरा वर्षं उशिरा. हे पस्तीस दिवस आत राहिले. नंतर फॉलोअपला जायचं. पीएमपीच्या खिडकीतून मेट्रोचे खांब एकेक करून वर येताना मी त्याच फेऱ्यांमध्ये पाहिले.

तिथे बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. पहिल्याच दिवशी मी यांच्याबद्दल वीस मिनिटं बोलले. कधी, किती, कुणाबरोबर, सगळं तारखेनिशी. समोरच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि तुमचं?’ मला एक वाक्य सुचेना. गाडीची डिकी तपासायची, पाण्याच्या टाकीमागे हात घालून बाटली शोधायची, ‘यांना ताप आहे’ असं फोनवर खोटं सांगायचं, यातच माझा दिवस जात होता. यांची दारू मी लावलेली नाही, तिच्यावर माझा ताबा नाही आणि ती बरी करणंही माझ्या हातात नाही, एवढं समजायला मला काही महिने लागले. अजून पूर्ण समजलेलं नाही. डिकी मी आजही कधी कधी उघडते.

भावजी, तुम्हाला वाटत असेल की दारू सुटली की घर दुसऱ्या दिवशी सरळ होतं. मलाही तसंच वाटायचं. पण शुद्धीवर आलेला माणूस घरात नव्या पाहुण्यासारखा असतो. कुठे बसायचं तेही त्याला ठाऊक नसतं. हे म्हणाले, लाइटबिल मी भरतो. मला आनंद व्हायला हवा होता, झाला संताप. अकरा वर्षं मी भरलं तेव्हा कुठे होतात? पिणाऱ्या माणसावर रागावून उपयोग नसतो म्हणून सगळा राग मी साठवून ठेवला होता. ऐकायला माणूस शुद्धीत आला आणि तो बाहेर पडू लागला. मुलगी प्रगतिपुस्तक सहीसाठी माझ्याकडेच आणायची. हे शेजारी बसून पेन हातात धरून असायचे. तिने त्यांच्यासमोर पहिल्यांदा पुस्तक ठेवलं त्याला सात महिने लागले. मी स्वयंपाकघरातून पाहिलं, बाहेर आले नाही.

आणि धाकटा. हे बाहेरून आले की तो पाणी घेऊन जायचा आणि ग्लास देताना वाकायचा. वास घ्यायला. आठ वर्षांचं पोर, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एक दिवस यांच्या ते लक्षात आलं. हे उंबऱ्यातच खाली बसले आणि स्वतःहून त्याच्या तोंडावर फुंकर मारली. ‘घे, बघ.’ तो बावरला, मग हसला. त्यानंतर रोज संध्याकाळी तेच. चपला काढायच्या, खाली बसायचं, फुंकर मारायची. पोराने पुढे पुढे पळून जायचं, यांनी धरून आणायचं. आमच्या घरात संध्याकाळी हसण्याचा आवाज यायला लागला होता, भावजी. कालनिर्णयच्या चौकोनात मी रोज पेन्सिलीने एक टिंब देत होते. हळदीच्या सकाळी चारशे अठरा टिंबं झाली होती.

त्या रात्री आम्ही परतलो तेव्हा धाकटा जागा होता. नेहमीसारखा पुढे आला. यांनी तोंड फिरवलं. पोर काही बोललं नाही, आत जाऊन पांघरूण घेऊन झोपलं. पाण्याचा तांब्या उंबऱ्यातच राहिला.

ही तुमची ‘एकच’. ज्याला हा आजार आहे त्याच्या शरीरात एक नावाची गोष्ट नसते. पहिली पोटात गेली की दुसरी मागणारा तो माणूस नसतो, आजार असतो. म्हणून अशा माणसाला सगळी ताकद पहिल्या घोटापुरती लावायला शिकवतात. त्या एका ठिकाणी तो उभा होता, आणि तुम्ही तिथूनच त्याचं मनगट उचललंत. पुढे एकसष्ट दिवस हे रोज प्याले.

तुमच्या तीन गोष्टींना उत्तर द्यायचं राहिलं आहे. ‘औषध म्हणून,’ असं तुम्ही म्हणालात. आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो आणि त्यावर आरोग्य राखण्यासाठी म्हणून लिहिलेलं असतं, हे मला माहीत आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच नाही. तिच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातलं. तंबाखू त्याच गटात आहे. ‘सगळेच घेतात,’ हेही तुमचं नेहमीचं. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेली पाहणी २०१९ मध्ये आली. दहा ते पंचाहत्तर वयातल्या शंभर माणसांत पिणारे पंधराही भरत नाहीत. नुसते पुरुष धरले तरी सत्तावीसच. म्हणजे न पिणारे जास्त आहेत, तुमच्या टेम्पोमागे ते येत नाहीत एवढंच. आणि पिणाऱ्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे, असं तीच पाहणी सांगते. त्यातला एक आमच्या घरात आहे.

तिसरी गोष्ट, ‘दोस्तीत चालतं.’ यावर मला थोडं बोलायचं आहे. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा माणूस हॉटेलात एकटा उभा होता. धंद्यातलं काम फिसकटलेलं, दारू सोडून काही महिनेच झालेले. एका बाजूला बार, तिथे हसण्याचे आवाज. त्याने टेलिफोन उचलला आणि गावात दुसरा कुणी दारूत बुडालेला माणूस आहे का, याची चौकशी केली. प्यायला सोबत हवी म्हणून नाही, न पिता तो दिवस जावा म्हणून. अशी त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली आणि दोघे तासन् तास बोलले. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस आपली सुरुवात त्या दिवसापासून मोजते. एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याला हात दिला, एवढ्यावर जगभर माणसं जगली. तुम्हीही पिणारे, हेही पिणारे. तुम्हीही हात धरलात. तो कशासाठी धरलात, ते मांडवात सगळ्यांनी पाहिलं.

सरकारमान्य दुकान बंद करायला कायद्यात वाट आहे. निम्म्याहून अधिक बायकांनी ‘दुकान नको’ म्हणून आडव्या बाटलीवर मत दिलं की दुकानाला टाळं लागतं. हळदीच्या मांडवामागे मतदान होत नाही. तिथे तुमच्या मनाशिवाय दुसरा कायदा नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही वाईट माणूस आहात असं मी म्हणत नाही. सासरे गेले तेव्हा खांदा द्यायला तुम्ही पहिले होतात. पण हळदीत जे केलंत तो गुन्हा होता, आणि तो तुम्ही हसत केलात.

हे पुन्हा येरवड्याला गेले, स्वतःच्या पायांनी. आज सत्तेचाळीस दिवस झाले. कालनिर्णयवर मी टिंब पुन्हा पहिल्यापासून मोजते आहे. धाकटा अजून पुढे येत नाही. पाणी देतो आणि लांब उभा राहतो. हे रोज उंबऱ्यात खाली बसून फुंकर मारतात, रिकाम्या हवेत, आणि मग उठून आत येतात.

परवा सकाळी दहाला तुम्ही साखरपुड्याची पत्रिका द्यायला आलात. चहा दिला तेव्हा तुमच्या हातात कपबशी वाजत होती. ती का वाजते, ते मला कुणी सांगायला नको. येरवड्याला बस कुठून मिळते, बरोबर काय न्यायचं, पहिले तीन दिवस कसे जातात, हे सगळं मला पाठ आहे. कधीही या, रात्रीही या. हे तुमच्याबरोबर येतील. ते मला तसं बोलून दाखवतात, तुमच्यावर राग न धरता. मला तेवढं जमलेलं नाही.

रविवारी साखरपुड्याला आम्ही चौघेही येणार आहोत. मुलीला आशीर्वाद द्यायचा आहे. हे पाण्याचा ग्लास घेऊन बसतील आणि सवयीने त्यावर हात ठेवतील. त्या हाताला हात लावू नका.

तुमची,
वहिनी