दाजींची द्राक्षबाग

नाशिकमध्ये राहायचं आणि द्राक्षं विकत खायची, हे गंगापूर रोडवरच्या एका बँक अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर अचानक अपमानास्पद वाटू लागलं. जूनमध्ये त्यांनी थॉमसन सीडलेसचं एक कलम आणलं, निळा ड्रम मधोमध कापून त्यात लावलं आणि रोज चहाच्या आधी त्याला पाणी घालू लागले. वेलानेही उपकार ठेवून घेतले नाहीत. दसऱ्यापर्यंत गच्चीचा कठडा दिसेनासा झाला.

भाऊबीजेला निफाडहून मेहुणे आले. त्यांची चार एकर बाग. ताईंकडून ओवाळून घेऊन ते तडक गच्चीवर गेले, ड्रमपाशी उकिडवे बसले.

"दाजी, द्राक्ष कुठंय?"

"हे काय समोर!"

"हे डॉगरिज आहे."

द्राक्षाचं कलम म्हणजे एका अंगात दोन जीव. वर खायची जात आणि खाली खुंट. डॉगरिज हा खुंट मूळचा टेक्सासच्या रानातला. कमी पाणी, खारवट जमीन, कशालाच तो दाद देत नाही, म्हणून महाराष्ट्रातल्या बागांनी त्याला जवळ केलं. अट एकच : जोडाच्या खालून फुटवा निघाला की लगेच खुडायचा. दाजींनी पाच महिने नेमके तेच फुटवे लाडाने वाढवले होते. बिचारा थॉमसन दोन डोळ्यांवर तग धरून होता, भाडेकरूने घर बळकावल्यावर मालकाने ओसरीवर राहावं तसा.

फुटवे गेले, थॉमसन वर आला आणि एप्रिल उजाडला. थंड देशांत वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो. वर्षातून एकदा छाटला की भागतं. नाशिकच्या थंडीत त्याला तेवढी झोप लागत नाही, त्यामुळे इथे त्याचं वेळापत्रक कात्रीने लावावं लागतं. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरडीनंतर फुटलेल्या कोवळ्या काडीच्या डोळ्यांत, बाहेर नुसती पानं डोलत असताना, पुढच्या हंगामाचे घड धरत असतात. मेहुण्यांनी हे फोनवर तीनदा समजावलं आणि दाजींना तिन्ही वेळा पटलं. पण कात्री काडीला लागली की हात थांबे. केशकर्तनालयात सांगतात तसं ते स्वतःलाच सांगत, "जरा मोठेच ठेवा." शेवटी खरड ताईंनी केली, गवार मोडावी तशी, दोन मिनिटांत. ऑक्टोबरात त्या माहेरी गेल्या आणि फळछाटणी तीन आठवडे लांबली.

मग केवडा आला. पानांवर तेलकट डाग, मागे पांढरी बुरशी. त्यावरचं बोर्डो मिश्रण मूळचं चोरांसाठी होतं. फ्रान्सच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत, म्हणजे येणाराजाणारा घड तोडायला धजत नसे. मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की केवडा नेमका त्याच वेलींवर नाही. 1885 मध्ये त्याने कृती प्रसिद्ध केली. दाजींनी लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम चुना असं सोनाराच्या निष्ठेने मोजलं. चुना पुरला की नाही हे लोखंडी पातं बुडवून बघतात. तांबूस थर चढला तर कमी. थर चढला. तो सासूबाईंच्या विळीवर चढला, ही वेगळी गोष्ट.

एवढं होऊन घड लागले दोन. एक बुलबुलांनी नेला. दुसरा जुन्या मच्छरदाणीत बांधून दाजींनी महाशिवरात्रीच्या फराळासाठी राखला. पण छाटणी लांबलेली, त्यामुळे मणी अजून कडक आणि हिरवे. दाजींचं बालपण रत्नागिरीत गेलेलं. त्यांनी घड तोडला आणि तांदळाच्या डब्यात पिकत घातला.

तोडल्यावर द्राक्ष पिकत नाही, आहे तेवढंच गोड राहतं. हे सांगायला मेहुण्यांचा फोन आला तेव्हा ताई भातासाठी डबा उघडत होत्या.