आकडेकाका

कुणाल आयकॉन रोडच्या आजूबाजूला जेवढ्या सोसायट्या, तेवढे आकडेकाका. भोसरीच्या कुठल्यातरी कारखान्यात क्वालिटीला उभा जन्म गेलेला. रिटायर झाल्यावर हातातला व्हर्नियर सुटला, मोजायची खोड काही सुटली नाही. सकाळी बाकीचे चालायला जातात, काका पार्किंगमध्ये उतरतात. एमएच १४च्या पाट्या वाचायला.

"तुझी २००५ ना रे? पूर्ण सात पायऱ्या!"

गाडीत काही बिघडलंय की काय म्हणून समोरचा थांबतो, आणि सापडतो. लाइटबिल पालथं होतं. चार अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून तेच चढत्या क्रमाने वजा करायचे, उत्तराचं पुन्हा तेच. ५२००तून ००२५ गेले, राहिले ५१७५. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. तिथून पुढे हलायचं नाव नाही, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. "कुठलीही गाडी आण, सातच्या आत घरात!" ऑफिसला उशीर झालेला माणूस मान डोलावतो.

काकांचं दैवत म्हणजे देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. हा ६१७४ त्यांचा, १९४९चा. तेव्हा कित्येकांनी पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेलं. १९७५ साली मार्टिन गार्डनरनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा जग जागं झालं. हे सांगताना काका असे तापतात, की हसणारे सगळे सी विंगमध्येच राहत असावेत.

खरं दुखणं मात्र पिनकोडचं. अंकांच्या बेरजेने संख्येला पूर्ण भाग गेला, की ती हर्षद संख्या. नाव कापरेकरांनीच दिलेलं. आपला ४११०२७. बेरीज १५, आणि शेवटी ७. पाचानेच भाग जात नाही, तर पंधराने काय जाणार! उलट सदाशिव पेठेचा ४११०३०. बेरीज ९, भागाकार ४५६७०, बाकी शून्य. "तिथेही त्यांचंच!" शिवाय आपल्या पिनकोडला वजाबाकीला लावलं, तर नवव्या पायरीला तो ४२०८७६वर येतो आणि पुढे सात संख्यांच्या फेऱ्यात शिवार चौकात पार्किंग शोधणाऱ्यासारखा कायमचा फिरत राहतो.

अंकशास्त्रवाले आकड्यावरून तुमचं भविष्य सांगतात आणि पैसे घेतात. काका फक्त आकड्याचंच भविष्य सांगतात, वर चहा त्यांचा. माझं मत काकांना.

भांडण झालं ते ७७७७वरून. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने आरटीओत जादा पैसे भरून हा नंबर घेतला. चारही अंक सारखे, म्हणजे पहिल्याच वजाबाकीत शून्य. काका लिफ्टमध्ये, त्याच्या सासऱ्यांसमोर म्हणाले, "पैसे मोजून शून्य घेतलंस." बोलणं बंद.

मग एका रात्री दहाला बेल. दारात काका, हातात लाइटबिल, डोळे चमकताहेत.

"७७७७चा वर्ग कर! ६०४८१७२९. मधोमध तोड. ६०४८ अधिक १७२९ किती?"

"किती?"

"७७७७! अरे, कापरेकर संख्या आहे तुझी गाडी! आणि हा १७२९ कुठला? हार्डी रामानुजनना भेटायला गेला त्या टॅक्सीचा!"

त्याने जिन्यात दोन्हीकडे पाहिलं. "काका, हळू. आरटीओला कळलं तर फी वाढवतील."