बिब्ब्याची दोन खाती

परभणीहून पूर्णेकडे जाताना पिंगळी लागते. या पट्ट्यातल्या घरगुती मलमाला कारखाना लागत नाही. तिळाचे तेल सहा भाग, मेण एक भाग, मंद आचेवर वितळवले की सिक्थतैल तयार. नुसते खरचटले तर बांधावरचा दगडी पाला चुरगळायचा.

बिब्ब्याचा थाट मात्र वेगळा! भेगाळलेल्या टाचेला त्याच्या तेलाचा चटका, आणि दृष्ट लागू नये म्हणून दारावर लिंबू-मिरचीच्या माळेत पुन्हा तोच. एकच फळ, दोन खाती. पहिल्या खात्यातला निकाल तरी दिसतो: कातडीवर टरारून फोड येतात.

1954 चा केंद्रीय कायदा ताईत, मंत्र, कवच यांना जादूचे उपाय मानतो आणि रोग बरे करण्याच्या त्यांच्या जाहिरातीवर बंदी घालतो. दारावरच्या माळेत कायद्यालाही बिब्बा घालता येत नाही. ती जाहिरात करतच नाही.