सोसायटीतला करंज कसा सांभाळावा

सर्वप्रथम झाडाला पायजमा चढवावा. खाली गेरू, वर चुना. याने झाडाचे काय भले होते हे विचारू नये. आल्यागेल्याला इथे कमिटी आहे एवढे कळते.

मग पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवावेत. स्कूटरला जागा होते. अन्नपाणी ओढणारी बारीक मुळे मातीच्या वरच्या फूट-दीड फुटातच असतात आणि त्यांना हवाही लागते, ही तक्रार झाडाने लेखी द्यावी. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीला बजावले होते. आमचे सचिव म्हणाले, "दिल्लीला ना?"

पाणी खोडावर मारावे. आंघोळच घालायची आहे.

पाचोळा हा शत्रू. उन्हाळ्याच्या तोंडाला करंज पानं टाकू लागला की पहाटे सहाला खराटा घेऊन उतरावे, पान न् पान गोणीत कोंबून कचरागाडीत द्यावे आणि जूनमध्ये पैसे मोजून खताची पोती आणावीत. अहो, तेच खत! यंदा मी कुणाला न विचारता चार बोटे जाडीचा थर पसरला, खोडापासून वीतभर सोडून, कारण पाला टेकला की साल कुजते. भर एप्रिलात खालची माती ओलसर. सचिवांनी सूचना लावली : साप येईल. पावसाळ्यात आला तो एक बेडूक.

छाटणी फुलोऱ्यातच करावी. एप्रिल-मेमध्ये करंज फुलतो, माश्यांची झुंबड उडते, तोच मुहूर्त.

शेवटी माश्या. आग्या मोहोळापासून लांबच राहावे, यात थट्टा नाही. पण कण्हेरीवर लागलेले तळहाताएवढे फुलोरी माशीचे पोळे पाहूनही सचिवांनी फवारणीवाल्याला बोलावले. तो आला, पंप टेकवून उभा राहिला. सचिव पोळ्याकडे बघत राहिले, बराच वेळ. मग त्याला चहा पाजून परत पाठवले.

परवा त्या कण्हेरीखाली मातीचा परळ दिसला. त्यात पाणी, पाण्यात खडे.

"चिमण्यांसाठी," सचिव खराटा न थांबवता म्हणाले.

चिमणीला पाणी प्यायला खड्यावर बसावे लागत नाही. पण मी बोललो नाही.